घराजवळच्या फेरीत दिसलेल्या अळंबीचे छायाचित्र कसे काढावे

मृगाच्या दोन-तीन दमदार सरी होऊन गेल्या आणि मध्ये एक-दोन दिवस उघडीप मिळाली, की पुण्याच्या वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर, वाटेच्या कडेला पडलेल्या ओंडक्यांवर आणि गिरिपुष्पाच्या झाडांखालच्या पाचोळ्यात अळंब्या दिसू लागतात. सकाळी फिरायला येणाऱ्या बहुतेकांच्या खिशात आता मोबाइल असतो, आणि पावसाळ्यात वाटेत थांबून, वाकून एखादे छायाचित्र घेणारी माणसे हमखास भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. अळंबीकडे नुकतेच लक्ष जाऊ लागलेल्या, जवळ साधा मोबाइल किंवा फार तर एखादा जुना कॅमेरा असलेल्या आणि आपण पाहिले ते नेमके काय होते हे जाणून घेण्याची इच्छा असलेल्या वाचकाला समोर ठेवून मी तो लिहीत आहे.

शेवटची अट मुद्दाम घातली आहे. पहिल्या पावसाळ्यात मी सुमारे 200 छायाचित्रे काढली होती आणि त्यांतली बरीचशी दिसायला चांगली होती. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना ती मोठ्या उत्साहाने दाखवली, तेव्हा त्यांनी शांतपणे दोनच प्रश्न विचारले: हिची खालची बाजू कुठे आहे, आणि ही कशावर उगवली होती? एकाही छायाचित्रात त्याचे उत्तर नव्हते. सगळी छायाचित्रे उभ्याने, वरून काढलेली होती आणि त्यांत दिसत होती ती फक्त गोल, पांढरी किंवा तपकिरी छत्रे. तेव्हापासून मी एकच कसोटी मानतो: जो माणूस त्या जागी नव्हता, त्याला केवळ छायाचित्रांवरून ती अळंबी निदान कोणत्या गटातली आहे हे सांगता आले पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी या कसोटीवर बेतलेली आहे.

आपण कशाचे छायाचित्र काढतो आहोत

आपल्याला दिसते ती अळंबी म्हणजे संपूर्ण बुरशी नव्हे. बुरशीचे खरे शरीर म्हणजे अतिशय बारीक तंतूंचे जाळे, आणि ते मातीत, कुजणाऱ्या लाकडात किंवा पाचोळ्यात पसरलेले असते. पुरेशी ओल आणि योग्य तापमान मिळाले, की त्या जाळ्यातून अळंबी वर येते. झाडाला जसे फळ, तशी बुरशीला अळंबी. तिचे काम बीजाणू, म्हणजे बियांसारखे काम करणारे सूक्ष्म कण, तयार करून पसरवणे एवढेच असते, आणि ते झाले की ती सुकते, कुजते किंवा विरघळते. यातून छायाचित्रकाराच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, बीजाणू छत्राच्या खालच्या बाजूला तयार होत असल्यामुळे ओळखीच्या सगळ्यांत महत्त्वाच्या खुणा तिथेच असतात. दुसरी म्हणजे, जाळे जागच्या जागी राहत असल्यामुळे तीच अळंबी पुढच्या पावसाळ्यात त्याच ठिकाणी पुन्हा उगवण्याची शक्यता मोठी असते. म्हणून जागा लक्षात ठेवणे हे छायाचित्र काढण्याइतकेच मोलाचे आहे.

आपल्याकडे सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून जिच्याकडे दुर्लक्ष केले जाते, त्या एका नावाखाली अनेक वेगवेगळे जीव येतात. छत्रीच्या आकाराच्या अळंब्यांच्या खालच्या बाजूला बहुधा उभे पातळ पडदे असतात. माशाच्या कल्ल्यांशी असलेल्या साम्यामुळे त्यांना कल्ले म्हणतात. काहींच्या खालच्या बाजूला कल्ल्यांऐवजी सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे असतात. काही लाकडाला फळीसारख्या चिकटून वाढतात, काही पेल्यासारख्या, काही कानाच्या पाळीसारख्या असतात. गुलमोहराच्या किंवा बाभळीच्या बुंध्याशी तपकिरी, वरून लाखेसारखी चमकणारी कडक फळी दिसली, तर ती गॅनोडर्मा या गटातली असण्याचा संभव असतो.

केव्हा आणि कुठे

पुण्यात वर्षाकाठी साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरात 5,000 मिलिमीटरहून अधिक. घाटमाथ्यावर महिनेच्या महिने टिकणारी ओल आपल्या टेकड्यांवर टिकत नाही, आणि म्हणून इथे अळंबीसाठी मिळणारा काळ थोडा आणि तुटक असतो. सलग तीन-चार दिवस पाऊस, मग एक ढगाळ कोरडा दिवस, आणि त्या दिवशीची सकाळ ही माझ्या अनुभवात सर्वांत चांगली वेळ आहे. आर्द्रा ते आश्लेषा या नक्षत्रांच्या काळात, म्हणजे ढोबळमानाने जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, अशा सकाळी अनेकदा मिळतात. सात ते दहा ही वेळ राखून ठेवावी. काही नाजूक अळंब्या पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मान टाकतात. शाईसारख्या काळ्या द्रवात विरघळणाऱ्या कॉप्रिनसच्या गटातल्या अळंब्या तर काही तासांतच ओळखू येईनाशा होतात.

नवख्याने मात्र सुरुवात लाकडावरच्या अळंब्यांपासून करावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्या थांबतात. वाळलेल्या फांद्यांवर पंख्यांच्या आकाराच्या, करड्या-पांढऱ्या, लोकरीसारखी लव असलेल्या एक ते चार सेंटिमीटर रुंदीच्या लहान अळंब्या ओळीने दिसल्या, तर ती बहुधा शिझोफिलम कम्यून असते. तिचे कल्ले उभे चिरलेले असतात. कोरड्या हवेत ते आत वळून मिटतात आणि पाऊस पडला की पुन्हा उघडतात. एकाच फांदीची कोरड्या दिवशीची आणि ओल्या दिवशीची अशी दोन छायाचित्रे काढली, तर हा फरक स्पष्ट दिसतो, आणि जवळून छायाचित्र काढण्याचा सरावही घाईशिवाय होतो. तशीच दुसरी सोयीची अळंबी म्हणजे मेलेल्या लाकडावर वाढणारी, भडक नारिंगी-लाल रंगाची पातळ फळी, पिक्नोपोरस. ती अनेक आठवडे टिकते आणि तिचा रंग छायाचित्रात नीट उतरवणे ही चांगली परीक्षा असते.

टेकडी लांब असेल, तर सोसायटीची हिरवळ आणि गॅलरीतल्या कुंड्याही पुरेशा आहेत. कुंडीत एखाद्या सकाळी अचानक उगवणारी लिंबासारखी पिवळी, नाजूक अळंबी ही ल्युकोकॉप्रिनस बर्नबॉमी. ती झाडाला अपाय करत नाही. हिरवळीवर कधी मोठ्या पांढऱ्या अळंब्या वर्तुळात उगवलेल्या दिसतात, कारण जमिनीतले जाळे मध्यापासून सर्व बाजूंनी सारख्या गतीने पसरते आणि अळंब्या त्याच्या कडेवर येतात. वर्तुळाचे छायाचित्र मात्र जमिनीवरून साधत नाही. ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढावे.

पिशवीत काय असावे

फार सामान नको. मोबाइल किंवा कॅमेरा, भिंग पुसायला मऊ सुती रुमाल, पावसापासून जपायला झिपची प्लास्टिक पिशवी, सहा इंची पट्टी, दाढीचा लहान आरसा, छोटी विजेरी, पांढरा कागद, वही-पेन्सिल आणि बसायला प्लास्टिकचा एखादा तुकडा. यांत मी दोन घरगुती गोष्टींची भर घालतो. एक म्हणजे पाव किलो तांदूळ भरून शिवलेली लहान कापडी पिशवी. तिच्यावर मोबाइल टेकवला की तो जमिनीलगत हव्या त्या कोनात स्थिर राहतो, आणि जमिनीपासून दोन इंचांवर तिपाईपेक्षा ती अधिक कामाला येते. दुसरी म्हणजे डब्याचे स्टीलचे झाकण. त्याची आतली बाजू छत्राखाली प्रकाश परतवायला उत्तम चालते.

बसण्याआधी

अळंबी दिसली की लगेच गुडघे टेकण्याचा मोह होतो, तो आवरावा. पावसाळ्यात पाचोळा, दगडांच्या फटी आणि कुजलेले ओंडके ही फुरसे, घोणस आणि विंचू यांच्या वावराची ठिकाणे आहेत. आधी काठीने आजूबाजूचा पाचोळा हलकेच हलवून पाहावा, ओंडक्याच्या पलीकडच्या अंगाला डोळ्यांनी न पाहता हात घालू नये, आणि पायांत घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट असावेत. त्याबरोबरच आपण कुठे पाय ठेवतो हेही पाहावे, कारण जिथे एक अळंबी दिसते तिथे बोटाच्या पेराएवढ्या आणखी पाच-सहा पाचोळ्यातून वर येत असतात आणि बहुतेक वेळा त्या आपल्याच गुडघ्याखाली चिरडल्या जातात. मी आधी एकदा पूर्ण प्रदक्षिणा घालतो, मगच बसायची जागा ठरवतो. प्रकाश कुठून येतो आणि मागे काय दिसते, हेही त्या प्रदक्षिणेत कळते.

छायाचित्रांचा क्रम

एका अळंबीसाठी निदान सहा छायाचित्रे घ्यावीत, आणि ती ठरलेल्या क्रमाने घ्यावीत. क्रम ठरलेला असला, की उत्साहाच्या भरात एखादे राहून जात नाही.

पहिले छायाचित्र उभ्याने घ्यावे आणि त्यात परिसर यावा: झाड कोणते, ओंडका कसा पडला आहे, ऊन-सावली किती आहे. हे छायाचित्र सुंदर नसते आणि म्हणून लोक ते टाळतात. पण सहा महिन्यांनी जागा शोधताना तेच उपयोगी पडते, आणि अळंबी कशावर उगवली या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच असते.

दुसरे छायाचित्र अळंबीच्या उंचीवर जाऊन, बाजूने घ्यावे. छत्राचा आकार घंटेसारखा आहे की पसरट, दांडा सरळ आहे की बुडाशी फुगलेला, दांड्यावर बांगडीसारखे वलय आहे की नाही, हे सगळे याच कोनातून कळते. त्यासाठी भिंग जमिनीपासून दोन-तीन इंचांवर आणावे लागते. मोबाइलची मागची भिंगे वरच्या टोकाला असतात; म्हणून मोबाइल उलटा धरावा, म्हणजे भिंगे खाली येतात आणि जमिनीत खड्डा न करता कोन साधतो. एवढी एक सवय लागली, तरी छायाचित्रांत पडणारा फरक कोणत्याही नव्या उपकरणाने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

तिसरे वरून. छत्रावरच्या खवल्या, रेषा, मध्यावरचा उंचवटा, कडा फाटलेली आहे की अखंड, हे यात यावे. पाऊस नुकताच पडून गेला असेल, तर छत्रावर चिकटलेले खवले धुऊन गेलेले असू शकतात. तसे वाटल्यास वहीत नोंद करावी.

चौथे छायाचित्र खालच्या बाजूचे, आणि त्याच्यासाठी हवा तेवढा वेळ द्यावा. कल्ले दांड्याला चिकटलेले आहेत की दांड्यापासून सुटे आहेत, दाट आहेत की विरळ, त्यांचा रंग कोणता, कल्ल्यांच्या जागी छिद्रे आहेत का, या प्रश्नांवर बरीचशी ओळख अवलंबून असते. पुस्तकांत यासाठी अळंबी उपटून आडवी ठेवायला सांगितलेले असते. टेकडीवर त्याची गरज नाही. छत्राच्या खाली दाढीचा आरसा तिरपा सरकवावा, विजेरीचा मंद प्रकाश आरशावर टाकून तो कल्ल्यांवर परतवावा, आणि मोबाइलचा फोकस आरशाच्या काचेवर न ठेवता आरशात दिसणाऱ्या कल्ल्यांवर बोट टेकवून ठरवावा. आरशातली प्रतिमा डावी-उजवी उलटी येते, पण कल्ल्यांची रचना त्याने बदलत नाही. आरसा नसेल, तर मोबाइल छत्राखाली आकाशाकडे तोंड करून ठेवावा आणि सेल्फीच्या कॅमेऱ्याने तीन सेकंदांचा टायमर लावून छायाचित्र घ्यावे. मात्र अनेक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यांना फार जवळचे स्पष्ट दिसत नाही. म्हणून किती अंतरावर स्पष्ट येते ते घरी एखाद्या चमच्यावर आधी तपासून घ्यावे.

पाचवे छायाचित्र दांड्याच्या बुडाचे. काही अतिविषारी अळंब्यांच्या बुडाशी पेल्यासारखे आवरण असते आणि ते बहुधा मातीत किंवा पाचोळ्यात दडलेले असते. बुडाभोवतीची सुटी पाने दोन बोटांनी बाजूला करावीत, छायाचित्र घ्यावे आणि पाने पुन्हा होती तशी सारून ठेवावीत. सहावे छायाचित्र पट्टीसह घ्यावे. पुष्कळजण शेजारी रुपयाचे नाणे ठेवतात, पण आपल्याकडे वेगवेगळ्या मालिकांतल्या एकाच किमतीच्या नाण्यांचा व्यास सारखा नाही, त्यामुळे नाण्यावरून माप काढताना चूक होते. पट्टीवर अशी शंका राहत नाही. कॅमेऱ्यापासून अळंबी जितक्या अंतरावर आहे तितक्याच अंतरावर पट्टी ठेवावी. पुढे किंवा मागे ठेवली, तर माप चुकते.

एकाच ठिकाणी लहान-मोठ्या वयाच्या अळंब्या असतील, तर सगळ्यांचे मिळून एक छायाचित्र जरूर घ्यावे. मिटलेली कळीसारखी अवस्था आणि पूर्ण उघडलेली अवस्था इतक्या वेगळ्या दिसतात, की सुटी छायाचित्रे पाहणाऱ्याला त्या दोन निरनिराळ्या जाती वाटतात.

एवढे झाल्यावर मनाजोगते, केवळ पाहण्यासाठीचे छायाचित्र घ्यायला तुम्ही मोकळे आहात. त्या वेळी समोर येणारे एखादे गवताचे पाते हलकेच बाजूला धरायला हरकत नाही, पण शेवाळ खरवडणे, आजूबाजूची रोपे उपटणे, दुसरीकडची अळंबी आणून इथे खोचणे हे करू नये. अशी सजवलेली छायाचित्रे मला पटत नाहीत. त्यांत अळंबी असते, पण तिची जागा खोटी असते.

प्रकाश

ढगाळ सकाळचा सारखा पसरलेला प्रकाश अळंबीला सर्वांत मानवतो. ऊन पडलेच, तर पानांतून येणाऱ्या कवडशांमुळे छत्राचा अर्धा भाग पांढराफटक आणि अर्धा काळा येतो. अशा वेळी अळंबीवर सावली धरावी. छत्री चालते, पण ती पांढरी, काळी किंवा करडी असावी; रंगीत छत्रीचा रंग पांढऱ्या अळंबीवर उतरतो आणि मग ती मुळात गुलाबी होती की छत्रीमुळे तशी आली, हे सांगता येत नाही. हिरव्या दाट सावलीतही पांढऱ्या अळंबीवर हिरवट छटा येते. त्यावर सोपा उपाय असा, की त्याच प्रकाशात पांढऱ्या कागदाचेही एक छायाचित्र घ्यावे. घरी रंग दुरुस्त करताना कागद पांढरा दिसेपर्यंत छटा बदलली, की अळंबीचा रंगही जागेवर येतो.

मोबाइलचा फ्लॅश वापरू नये. तो समोरून सपाट पडतो, ओल्या छत्रावर चमक आणतो आणि मागचे सगळे काळे करतो. प्रकाश कमीच असेल, तर विजेरीपुढे ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरून ती बाजूने लावावी, आणि दुसऱ्या बाजूला स्टीलचे झाकण धरून सावली सौम्य करावी.

मोबाइल आणि कॅमेरा

मोबाइलवर ज्या भागाची स्पष्टता हवी तिथे बोट दाबून धरले, की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि प्रकाश दोन्ही तिथे स्थिर होतात. त्यानंतर बोट खाली सरकवून प्रकाश थोडा कमी करावा, कारण काळ्या पाचोळ्यातली पांढरी अळंबी पाहून कॅमेरा एकूण दृश्य अंधारे समजतो आणि छत्र इतके उजळवतो, की त्यावरचे बारकावे पुसले जातात. जे एकदा पुसले गेले ते नंतर परत आणता येत नाही. काळवंडलेले मात्र बरेचसे उजळवता येते. मॅक्रो नावाची सोय अनेक मोबाइलमध्ये असते, परंतु ती वापरताना भिंग दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावे लागते आणि मोबाइलचीच सावली पडते. म्हणून बोटाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या अळंबीसाठी थोडे मागे सरकून दुप्पट झूमचे स्वतंत्र भिंग असेल तर ते वापरावे, आणि मॅक्रो फक्त अगदी बारीक अळंब्यांसाठी ठेवावा. पार्श्वभूमी कृत्रिम रीतीने धूसर करणारी पोर्ट्रेटची सोय बंद ठेवावी. ती छत्राच्या कडा आणि दांड्याचा बारीक भाग अनेकदा खाऊन टाकते.

ज्यांच्याकडे बदलत्या भिंगांचा कॅमेरा आहे, त्यांनी भिंगाचे छिद्र (ज्यातून प्रकाश आत येतो ते) एफ 8 ते एफ 11 च्या दरम्यान, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) शक्यतो 400 च्या आत आणि प्रकाशभरपाई (छायाचित्र मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक ठेवून सुरुवात करावी. वस्तूचे तिच्या खऱ्या आकाराएवढे चित्र कॅमेऱ्यातल्या संवेदकावर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागावर, पडेल इतके जवळ गेल्यावर एफ 8 ला स्पष्ट राहणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. तेव्हा छत्राची पुढची कड आणि दांडा दोन्ही एकाच छायाचित्रात स्पष्ट येणार नाहीत, हे गृहीत धरावे. फोकस किंचित पुढेमागे सरकवत आठ-दहा छायाचित्रे घेऊन ती संगणकावर जोडण्याची पद्धत आहे, पण तिला वारा चालत नाही. लाकडावरच्या कडक फळीला ती पद्धत लागू पडते. झुळुकीसरशी डोलणाऱ्या केसाएवढ्या दांड्याच्या अळंबीला पडत नाही. शटर एक-चतुर्थांश सेकंदापर्यंत मंद झाले, तरी तांदळाच्या पिशवीवर कॅमेरा टेकवून आणि दोन सेकंदांचा टायमर लावून छायाचित्र स्थिर येते.

गाडीतल्या एसीतून बाहेर आल्याबरोबर भिंगावर बाष्प धरते. ते पुसत बसू नये; पाच-दहा मिनिटांत आपोआप जाते.

जे छायाचित्रात येत नाही

वास, स्पर्श आणि वेळ या गोष्टी छायाचित्रात येत नाहीत, म्हणून त्या जागीच वहीत लिहाव्यात, किंवा हात ओले असतील तर मोबाइलवर बोलून ठेवाव्यात. मातीतून उगवली की लाकडातून, लाकूड जिवंत झाडाचे की मेलेल्या फांदीचे, शेणावर होती का, वारूळ जवळ होते का, हे नक्की लिहावे. वारुळाचा उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे. काही जातींची वाळवी आपल्या वारुळात टर्मिटोमायसीस नावाच्या बुरशीची शेती करते, आणि पावसाळ्यात त्या बुरशीच्या अळंब्या जमिनीतून वर येतात; त्यांचा दांडा मुळासारखा खोल, थेट वारुळातल्या त्या बुरशीपर्यंत गेलेला असतो. विदर्भात ज्यांना सात्या म्हणतात आणि गोव्यात ज्यांना रोणावरची, म्हणजे वारुळावरची, अळमी म्हणून मान आहे, त्या याच गटातल्या. अशी जागा सापडली, तर छायाचित्र लोकांना दाखवावे, पण ठिकाण सांगू नये. अळंब्या उमलण्याआधीच, मिटलेल्या असतानाच खणून नेल्या, तर त्यांचे बीजाणू पसरायचे राहून जातात.

बीजाणूंचा रंग ही ओळखीची आणखी एक मोठी खूण, पण त्यासाठी छत्र तोडावे लागते. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात काहीही तोडायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि टेकड्यांचा बराचसा भागही वनखात्याच्या अखत्यारीत आहे. म्हणून हा प्रयोग आपल्या सोसायटीच्या हिरवळीवरच्या किंवा कुंडीतल्या अळंबीवरच करावा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद घ्यावा, त्यावर पूर्ण उघडलेले छत्र कल्ले खाली करून ठेवावे, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर हलवू नये. सकाळी कल्ल्यांच्या नक्षीचा ठसा कागदावर उमटलेला असतो: पांढरा, गुलाबी, गंजासारखा, जांभळट तपकिरी किंवा काळा. हिरवळीवरच्या मोठ्या पांढऱ्या अळंबीचा ठसा हिरवट आला, तर ती क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस ही विषारी जात समजावी. ती खाल्ल्यास काही तासांतच जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. ठशाचे छायाचित्र खिडकीतल्या प्रकाशात लगेच काढावे आणि ते त्या अळंबीच्या बाकीच्या छायाचित्रांसोबत ठेवावे.

इथेच एक गोष्ट कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. छायाचित्रावरून, मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपवरून किंवा या लेखावरून कोणतीही रानातली अळंबी खाण्याचा निर्णय घेऊ नये. सर्वांत घातक अळंब्यांचे विष पोटात गेल्यावर सहा ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ काहीच त्रास जाणवत नाही, आणि जाणवू लागतो तोपर्यंत यकृताला इजा होऊ लागलेली असते. चांदीचे नाणे काळे पडते, किडे खातात ती चालते, शिजवली की विष जाते, या समजुतींपैकी एकही विश्वासाची नाही. अळंबी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि बरोबर लहान मुले असतील तर त्यांना ‘पाहायचे, तोंडात घालायचे नाही’ हे घरून निघतानाच सांगावे.

घरी आल्यावर

त्याच दिवशी छायाचित्रे निवडावीत. प्रत्येक अळंबीचे वेगळे फोल्डर करून त्याला तारीख, जागा आणि आधार (ती कशावर उगवली) एवढे नाव द्यावे: ‘14 जुलै, वेताळ टेकडी, मेलेली गिरिपुष्पाची फांदी’. ओळख पटलेली नसताना फोल्डरला जातीचे नाव देऊ नये. एकदा लिहिलेले चुकीचे नाव वर्षानुवर्षे डोक्यात बसून राहते. रंग दुरुस्त करताना पांढऱ्या कागदाचे छायाचित्र शेजारी ठेवावे आणि रंग गडद करण्याचा मोह टाळावा.

ओळखीसाठी आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या दोन्ही संकेतस्थळांवर नोंद करता येते. एका अळंबीची सगळी छायाचित्रे एकाच नोंदीत टाकावीत. सहा छायाचित्रांच्या सहा नोंदी केल्या, तर खालची बाजू एकीकडे आणि वरची दुसरीकडे जाते, आणि पाहणाऱ्याला काहीच सांगता येत नाही. नोंदीत आधार, वास आणि आकार मराठीत किंवा इंग्रजीत दोन ओळींत लिहावा. ॲपने सुचवलेले पहिले नाव लगेच स्वीकारू नये. खात्री नसेल तर फक्त ‘बुरशी’ किंवा गटाचे नाव लिहून थांबावे. अनेक अळंब्या सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिल्याशिवाय जातीपर्यंत ओळखताच येत नाहीत, त्यामुळे गटाचे नाव मिळाले तरी ते नवख्याचे चांगले यश समजावे. खाण्याजोग्या किंवा दुर्मीळ वाटणाऱ्या अळंबीची नोंद करताना ठिकाण अस्पष्ट ठेवण्याची सोय वापरावी, आणि छायाचित्र व्हॉट्सॲपवर मूळ फाइल म्हणून पाठवण्याआधी त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाकावी.

शेवटची पायरी म्हणजे परत जाणे. ज्या ओंडक्यावर अळंबी दिसली, तिथे दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठव्या दिवशी त्याच जागी बसून, त्याच कोनातून एकेक छायाचित्र घ्यावे. कळी केव्हा उघडली, कल्ल्यांचा रंग केव्हा गडद झाला, गोगलगायीने कड कधी कुरतडली आणि शेवटी काय उरले, हे त्या चार छायाचित्रांत उतरते. माझ्याकडे तळजाईवरच्या एका ओंडक्याच्या तीन पावसाळ्यांच्या नोंदी आहेत. तिन्ही वर्षी त्यावर शिझोफिलम आधी आली, आणि नारिंगी फळी पुष्य नक्षत्र लागल्यावर. यंदा त्या ओंडक्याचे एक टोक इतके मऊ झाले आहे, की बोटाने दाबले तरी दबते, आणि त्या टोकावर एक तिसरीच, पेल्यासारखी अळंबी आली आहे. तिच्या खालच्या बाजूचे छायाचित्र अजून घ्यायचे आहे.